विश्लेषण : दाढेवरची कॅप कशाच्या जोरावर टिकते? ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ सिमेंट म्हणजे नेमके काय?

दाढेत सिमेंट भरले, सिमेंटने कॅप बसवली, सिमेंट निघाले म्हणून कॅप सुटली. दंतवैद्याकडून परतलेला जवळपास प्रत्येक जण हा शब्द घेऊन घरी येतो. पण दवाखान्याच्या एकाच कपाटात सात-आठ प्रकारची सिमेंटे असतात. काही चार आठवडे टिकण्यासाठी बनवलेली असतात, तर काही वीस वर्षांसाठी. एकाला लवंगेचा वास येतो, एक निळ्या प्रकाशात घट्ट होते आणि एक तर चक्क इमारतीच्या सिमेंटचे चुलत भावंड आहे. आपल्या दातात यापैकी कोणते गेले, हे बहुतेक रुग्णांना माहीत नसते. एरवी त्याने फारसे बिघडत नाही. मात्र ‘कच्चे’ सिमेंट पक्के समजून रुग्ण परत फिरकतच नाही, तेव्हा दात गमावण्याची वेळ येते.

याला सिमेंट का म्हणतात?

इमारतीचे सिमेंट आणि दातांचे सिमेंट यांच्यातले साम्य कृतीत आहे. पावडर आणि द्रव एकत्र कालवले की आधी लगदा होतो, मग रासायनिक क्रिया होऊन तो दगडासारखा घट्ट होतो. बहुतेक दंत सिमेंटांमध्ये पावडर आम्लारीधर्मी आणि द्रव आम्लधर्मी असतो. दोघांची क्रिया होऊन क्षार तयार होतो आणि न विरघळलेले पावडरचे कण त्या क्षाराच्या जाळ्यात अडकून राहतात. काँक्रीटमध्ये खडी अडकते, तसेच.

ताकदीची तुलना केली तर आश्चर्य वाटेल. घरबांधणीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम-२० काँक्रीटची दाब सहन करण्याची क्षमता २८ दिवसांनंतर २० मेगापास्कल धरतात. कॅप बसवण्यासाठी वापरले जाणारे झिंक फॉस्फेट सिमेंट एका दिवसात १०० मेगापास्कलच्या आसपास पोहोचते. अर्थात खुद्द दाताचे डेंटिन सुमारे ३०० मेगापास्कल पेलते, त्यामुळे सिमेंट कितीही चांगले असले तरी ते दातापेक्षा दुबळेच. शिवाय ही ताकद दाबाची आहे. ताण दिला तर हेच झिंक फॉस्फेट ५-६ मेगापास्कललाच तडकते. चिकट चिक्की किंवा च्युइंगगम खाताना कॅप वर ओढली जाते आणि सुटते, त्याचे गणित इथे आहे.

एक गोंधळ सुरुवातीलाच दूर केलेला बरा. दाताच्या मुळावर निसर्गानेच दिलेला एक पातळ थर असतो, त्याला ‘सिमेंटम’ म्हणतात. त्याचा या सिमेंटांशी काही संबंध नाही.

कॅप सिमेंटमुळे टिकते की आकारामुळे?

दोन्हींमुळे, पण आधी आकारामुळे. कॅप बसवण्यापूर्वी दंतवैद्य दात चहूबाजूंनी घासून लहान करतो. त्या भिंती किती उभ्या ठेवल्या आणि त्यांची उंची किती राहिली, यावर कॅपची पकड ठरते. स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. स्टीलचे उभट पेले एकात एक घातले की असे अडकतात की दोघांनी ओढावे लागते. पसरट वाट्या एकात एक ठेवल्या तर हलक्या हाताने सुट्या होतात. घासलेला दात पेल्यासारखा उभा असावा, वाटीसारखा उतरता नको. आदर्श उतार जेमतेम काही अंशांचा मानला जातो. प्रत्यक्ष तोंडात मागच्या दाढेपर्यंत हात पोहोचवून तो साधणे कठीण असते, म्हणून सिमेंटवर भिस्त वाढते.

पारंपरिक सिमेंटचे काम दात आणि कॅप यांच्यामधली फट भरण्याचे. दातावर आणि कॅपच्या आत सूक्ष्म खडबडीतपणा असतो. लगदा त्यात शिरतो, घट्ट होतो आणि कुलपासारखा अडकतो. या कामाला इंग्रजीत ‘ल्यूटिंग’ म्हणतात. त्याचे मूळ चिखल या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. मराठीत ‘लिंपण’ म्हटले तर चपखल बसेल.

हे लिंपण जितके पातळ तितके चांगले. आंतरराष्ट्रीय मानकानुसार कॅप बसवण्याच्या पारंपरिक सिमेंटचा थर २५ मायक्रॉनपेक्षा जाड होता कामा नये, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण एक तृतीयांश. थर जाड झाला तर कॅप पूर्ण खाली बसत नाही, चावताना ‘उंच’ लागते आणि कडेला उघडे राहिलेले सिमेंट लाळेत हळूहळू विरघळते. ‘जास्त सिमेंट लावा डॉक्टर, म्हणजे पक्की बसेल’ ही विनंती त्यामुळे उलट परिणाम करणारी आहे.

सर्वांत जुने सिमेंट अजून वापरात का आहे?

झिंक फॉस्फेट १८७०च्या दशकाच्या अखेरीस आले. पावडरमध्ये सुमारे ९० टक्के झिंक ऑक्साइड आणि उरलेले बहुतांश मॅग्नेशियम ऑक्साइड, द्रव म्हणजे पाणी मिसळलेले फॉस्फोरिक आम्ल. दीडशे वर्षांच्या आसपासचा अनुभव पाठीशी असलेले साहित्य दंतवैद्यकात फार थोडे आहे आणि धातूच्या कॅपसाठी ते आजही चालते.

त्याची एक खोड आहे. क्रिया होताना उष्णता बाहेर पडते आणि उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होते. पाहता पाहता लगदा हातातच घट्ट होतो. म्हणून ते जाड, थंड केलेल्या काचेच्या पट्टीवर, पावडर चिमूट चिमूट मिसळत, पसरून कालवतात. काच उष्णता शोषून घेते आणि वेळ मिळतो. दंत महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे पहिले काही महिने हे कालवण्यात जातात आणि त्यात गंमत काही नाही. पावडरचे प्रमाण कमी पडले तर सिमेंट पातळ, आम्लधर्मी आणि कमजोर होते.

दुसरी खोड म्हणजे आम्लता. दातावर ठेवताना त्याचा पीएच २ च्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाइतका असतो. एक-दोन दिवसांत तो उदासीन पातळीच्या जवळ येतो. जिवंत दातावर कॅप बसवल्यानंतर काही दिवस ठणका किंवा थंडगार पाण्याची झिणझिणी जाणवते, त्याचे हे एक कारण. रूट कॅनल झालेल्या दातात नसच उरलेली नसते, तिथे हा प्रश्न येत नाही.

हाच त्रास कमी करण्यासाठी मँचेस्टरमधील डेनिस स्मिथ यांनी १९६८ मध्ये झिंक पॉलिकार्बोक्सिलेट सिमेंट मांडले. पावडर जवळपास तीच, पण द्रवात पॉलिअॅक्रिलिक आम्ल. त्याचे रेणू लांबलचक असल्याने दाताच्या सूक्ष्म नलिकांत सहज शिरत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते दातातील कॅल्शियमला रासायनिकरीत्या धरतात. दाताला खऱ्या अर्थाने ‘चिकटणारे’ हे पहिले सिमेंट. ताकदीत ते फॉस्फेटच्या मागे पडले आणि आता कमी दिसते, पण पुढच्या सगळ्या गोष्टीची गुरुकिल्ली त्या द्रवात होती.

ग्लास आयनोमर एवढे महत्त्वाचे कसे झाले?

लंडनमध्ये ‘लॅबोरेटरी ऑफ द गव्हर्न्मेंट केमिस्ट’ नावाची सरकारी प्रयोगशाळा होती. ती १८४२ मध्ये सुरू झाली ती तंबाखूतली भेसळ पकडण्यासाठी. मशेरी आणि खर्‍याने दात गमावणाऱ्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हा योगायोग रंजक वाटेल, कारण दात वाचवणारे एक महत्त्वाचे साहित्य याच प्रयोगशाळेत जन्मले. १९६०च्या दशकात तिथे अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट जुन्या सिलिकेट सिमेंटवर काम करत होते. सिलिकेट दाताच्या रंगाचे होते, त्यातून फ्लोराइड झिरपत असे, पण ते दाताला चिकटत नसे आणि झिजत असे. विल्सन आणि केंट यांनी सिलिकेटच्या वंशातली काचेची भुकटी आणि स्मिथ यांच्या सिमेंटमधले पॉलिअॅक्रिलिक आम्ल यांची जोडी जमवली. काचेची रचनाही बदलली, जेणेकरून इतक्या सौम्य आम्लातही तिची क्रिया व्हावी. १९७२ मध्ये ‘ब्रिटिश डेंटल जर्नल’मध्ये त्यांनी हे नवे पारभासक सिमेंट दंतवैद्यांपुढे ठेवले.

ग्लास आयनोमर म्हणजे खरोखर काचेची बारीक पूड आणि आम्ल. आम्ल काचेच्या कणांची पृष्ठभागावरची कड खाते, त्यातून कॅल्शियम आणि अॅल्युमिनियमचे आयन सुटतात आणि आम्लाच्या साखळ्या एकमेकींना बांधतात. सोबत फ्लोराइडही मोकळे होते. सुरुवातीच्या दिवसांत ते जास्त आणि नंतर थोडे थोडे झिरपत राहते. फ्लोराइडच्या टूथपेस्टमधून ते पुन्हा थोडेफार शोषून घेते आणि पुन्हा सोडते. गरम-थंडाने ते जवळपास दाताइतकेच प्रसरण-आकुंचन पावते, हा आणखी एक गुण. चहानंतर बर्फाचा गोळा खाणाऱ्या तोंडात ही गोष्ट क्षुल्लक नाही.

कॅप बसवण्यासाठी पातळ, खड्डा भरण्यासाठी घट्ट आणि खोल खड्ड्यात तळाशी अस्तर म्हणून, अशा वेगवेगळ्या रूपांत ते मिळते. दाताला बांधणाऱ्या तारांच्या उपचारात मागच्या दाढांना जे धातूचे कडे घालतात, तेही बहुधा याच सिमेंटने बसवलेले असते.

त्याचे दुखणे पाण्याचे आहे. पहिल्या काही मिनिटांत लाळ लागली तर न जुळलेले आयन धुऊन जातात आणि भरण खडूसारखे ठिसूळ होते. उलट फार कोरडे पडले तर तडे जातात. म्हणून कापसाच्या सुरळ्या, लाळ ओढणारी नळी, ‘जीभ लावू नका’ हा धोशा आणि शेवटी वरून वार्निश किंवा व्हॅसलीनचा थर. कालवताना लगद्यावर चमक असेपर्यंतच तो वापरायचा असतो. चमक गेली म्हणजे दाताला धरायला लागणारे मोकळे आम्ल संपले. तो लगदा दातावर बसलेला दिसेल, पण चिकटलेला नसेल. चमक गेलेले मिश्रण फेकून पुन्हा कालवण्याची सवय ही चांगल्या दवाखान्याची खूण म्हणायला हरकत नाही.

ड्रिल आणि विजेशिवाय दात भरता येतो?

येतो आणि त्यासाठीच ग्लास आयनोमरचे नाव जगभर गेले. १९८०च्या दशकाच्या मध्यावर टांझानियात यो फ्रेंकेन यांनी एक पद्धत वापरायला सुरुवात केली. हाताच्या उपकरणांनी किडलेला मऊ भाग खरवडून काढायचा आणि घट्ट प्रकारचे ग्लास आयनोमर बोटाने दाबून भरायचे. ड्रिल नाही, वीज नाही, बहुतेक वेळा भूल देणारी सुईही नाही. तिचे नाव ‘एआरटी’ म्हणजे ‘अॅट्रॉमॅटिक रिस्टोरेटिव्ह ट्रीटमेंट’. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला.

शाळांतली दंत शिबिरे, आश्रमशाळा, भारनियमन असलेली गावे अशा ठिकाणी या पद्धतीची किंमत कळते. ड्रिलच्या आवाजाने रडणाऱ्या लहान मुलांसाठी शहरातल्या दवाखान्यांतही ती वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लास आयनोमर सिमेंटचा समावेश केला. औषधांच्या यादीत सिमेंट, हे वाचायला विचित्र वाटते, पण कीड थांबवणारे फ्लोराइड सोडते म्हणून ते तिथे आहे.

चावण्याचा मोठा दाब येणाऱ्या, दोन-तीन बाजूंनी फुटलेल्या पक्क्या दाढेत मात्र साधे ग्लास आयनोमर लवकर झिजते किंवा तुटते. स्वस्तात होते म्हणून प्रत्येक ठिकाणी तेच भरून घेणे शहाणपणाचे नाही.

भरणातले फ्लोराइड घातक तर नाही ना?

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. वर्षानुवर्षे रोज काही लिटर पाण्यातून पोटात जाणारे फ्लोराइड आणि एका भरणातून झिरपणारे फ्लोराइड यांची तुलनाच होऊ शकत नाही. दुसरे प्रमाण नगण्य असते आणि त्याचे काम भरणाच्या कडेपुरते असते.

मात्र या भागांतल्या रुग्णांसाठी वेगळीच अडचण आहे. फ्लोरोसिस झालेले दातांचे कवच आम्लाला जास्त दाद देत नाही. पुढे सांगितलेली रेझिन सिमेंटे आम्लाने दात खडबडीत करूनच चिकटतात. त्यामुळे अशा दातांवर त्यांची पकड कमी पडू शकते आणि दंतवैद्याला आम्ल अधिक वेळ ठेवणे किंवा वरचा थर हलका घासणे असे उपाय करावे लागतात.

लवंगेचा वास येणारे सिमेंट पक्के असते का?

नसते. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

दाढ ठणकली की लवंग दाबून धरायची, हा घराघरातला उपाय. लवंग तेलातला मुख्य घटक युजेनॉल. तो नस शांत करतो. झिंक ऑक्साइडच्या पावडरीत युजेनॉल कालवले की झिंक ऑक्साइड युजेनॉल सिमेंट तयार होते. दंतवैद्याच्या दवाखान्याला जो विशिष्ट वास असतो, तो बराचसा याचा. हे दाताला शांत करते, जंतूंना रोखते, ओलाव्यात लवकर घट्ट होते आणि काढायचे म्हटले की सहज निघते. ‘सहज निघते’ हा इथे दोष नाही, गुण आहे. कारण ते तात्पुरते भरण्यासाठीच असते. राळ किंवा प्लास्टिकचे कण घालून त्याचे थोडे मजबूत प्रकारही करतात, तेही काही महिन्यांच्या बोलीवर.

रूट कॅनलच्या दोन भेटींच्या मध्ये असे तात्पुरते सिमेंट भरतात. काही दवाखाने झिंक ऑक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट यांची तयार, कालवावी न लागणारी पेस्ट वापरतात. ती लाळेतले पाणी शोषून फुगते, कडा घट्ट बंद करते आणि त्यातूनच कडक होते. भरल्यावर लगेच जेवू नका असे सांगतात, ते यासाठी. साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर जाडी असेल तर ती काही आठवडे जंतूंना बाहेर ठेवते. त्यानंतर ती झिजते, कडेने लाळ आत जाऊ लागते.

आता क्रम पाहा. पहिल्या भेटीत किडलेली नस काढली जाते. दुखणे थांबते. वर पांढरे सिमेंट दिसते. रुग्णाला वाटते, काम झाले. पुढच्या भेटीचे पैसे, कामावरची सुट्टी, एसटीचा प्रवास यांचा हिशेब होतो आणि भेट राहून जाते. दोन-तीन महिन्यांनी सिमेंटच्या कडेने जंतू आत गेलेले असतात. दातात नस नसल्याने पूर्वसूचना देणारी कळही येत नाही. कळते ते थेट गालाला सूज येते तेव्हा, किंवा आतून पोकळ झालेली दाढ शेंगदाणा चावताना उभी चिरते तेव्हा. उभी चिरलेली दाढ बहुतेक वेळा काढावीच लागते. आधी झालेला सगळा खर्च पाण्यात.

दवाखान्यांची चूकही इथे असते. ‘सिमेंट भरले आहे’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. ‘हे कच्चे आहे, अमुक तारखेच्या आत बदलायचे’ असे कार्डावर लिहून द्यायला हवे. लिहून दिले नसेल तर रुग्णाने विचारावे. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत माफक दरात उपचार होतात. रांग असते, वेळ जातो, पण अर्धवट रूट कॅनलपेक्षा ते केव्हाही परवडते.

तात्पुरती कॅप बसवतानाही असेच कच्चे सिमेंट लावतात. इथे एक बारीक मुद्दा आहे. युजेनॉलचा अंश दातावर राहिला तर नंतर लावायचे रेझिन सिमेंट नीट घट्ट होत नाही. म्हणून पुढे रेझिन वापरायचे ठरले असेल तर युजेनॉल नसलेले तात्पुरते सिमेंट निवडतात.

महागड्या कॅपसाठी वेगळे सिमेंट लागते का?

अनेकदा लागते. रेझिन सिमेंट हे कालवलेले आम्ल आणि पावडर नसून प्लास्टिकच्या कुळातले आहे. त्याची पायाभरणी मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये केली. फॉस्फोरिक आम्लाने दाताचे कवच किंचित खडबडीत केले तर त्यावर रेझिन घट्ट बसते, हे त्यांनी दाखवले. आज त्यासाठी ३७ टक्क्यांच्या आसपासचे जेल वापरतात. ग्लास आयनोमरची दातावरची पकड काही मेगापास्कलची असते, आम्ल लावलेल्या कवचावर रेझिनची २० मेगापास्कलच्या घरात किंवा त्याहून जास्त. लाळेत ते जवळपास विरघळत नाही.

पुढच्या दातांवर चिकटवायची नखासारखी पातळ व्हिनियर्स आणि काचेच्या जातीच्या सिरॅमिक कॅप यांना रेझिनच लागते. तिथे पेल्यासारख्या उभ्या भिंतींचा आधार कमी असतो आणि चिकटलेले रेझिनच ठिसूळ सिरॅमिकला बळ देते. सिरॅमिकच्या आतल्या बाजूला हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि मग सिलेन नावाचे रसायन लावून ती तयार करतात. झिर्कोनियावर मात्र हायड्रोफ्लोरिक आम्लाचा उपयोग होत नाही. त्यात काच नसते. तिथे बारीक कणांचा मारा करून आणि एमडीपी हा घटक असलेले रसायन वापरून पकड मिळवतात. दाताची उंची चांगली असेल तर झिर्कोनियाची कॅप ग्लास आयनोमरवर्गातल्या सिमेंटनेही बसते. ‘झिर्कोनिया घेतली म्हणजे सर्वांत महाग सिमेंट हवेच’ असे समीकरण नाही.

रेझिनचा तोटा असा की ते क्षमा करत नाही. एखादी पायरी चुकली, रक्त किंवा लाळ लागली, तर पकड जाते. जादाचे सिमेंट कडक झाल्यावर काढणे अवघड. म्हणून दोन्हींच्या मध्ये बसणारे रेझिनमिश्रित ग्लास आयनोमर लोकप्रिय आहे. त्यात फ्लोराइडही आहे, पाण्याची भीतीही कमी आणि ताकद बरी.

इम्प्लांटवरच्या कॅपबाबत जादा सिमेंटचा प्रश्न गंभीर होतो. हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण तिथे दाह निर्माण करतो आणि काही काळाने इम्प्लांटभोवतीचे हाड झिजू शकते. काही सिमेंट एक्स-रेमध्ये नीट दिसत नाहीत, त्यामुळे ते राहिले हेच कळत नाही. अनेक दंतवैद्य इम्प्लांटची कॅप स्क्रूने बसवणे पसंत करतात, त्यामागे हे एक कारण आहे.

इमारतीचे सिमेंट दातात कसे पोहोचले?

अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दाताच्या मुळाला पडलेले भोक बुजवण्यासाठी साहित्य शोधले. अडचण अशी की तिथे रक्त आणि पाणी असतेच आणि बाकीच्या सिमेंटांना ओलावा चालत नाही. पाण्यातच घट्ट होणारे सिमेंट कोणते? पोर्टलँड सिमेंट. पूल आणि धरणे ज्याने बांधतात, ते.

एमटीए म्हणजे ‘मिनरल ट्रायऑक्साइड अॅग्रिगेट’ हे मुळात शुद्ध केलेले पोर्टलँड सिमेंट, साधारण ७५ टक्के. त्यात २० टक्के बिस्मथ ऑक्साइड घातले, एक्स-रेत दिसावे म्हणून, आणि ५ टक्के जिप्सम. १९९३ पासून त्यावरचे शोधनिबंध प्रसिद्ध होऊ लागले. घट्ट होताना ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार करते, त्यामुळे परिसर तीव्र आम्लारीधर्मी होतो, जंतू टिकत नाहीत आणि लगतच्या पेशी त्यावर नवे कठीण ऊतक चढवतात. दाताच्या उघड्या पडलेल्या नसेवर पूर्वी कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट लावत. ती हळूहळू विरघळून जाई. एमटीए तसे विरघळत नाही. पडून समोरचा दात तुटलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांत, ज्यांचे मूळ अजून पूर्ण वाढलेले नसते, त्यांच्यासाठी हे साहित्य मोठा आधार ठरले आहे.

पहिल्या एमटीएला घट्ट व्हायला पावणेतीन तास लागत आणि दात करडा पडण्याची तक्रार होती. नंतर पांढरे एमटीए आले, पण रंग बदलण्याची तक्रार पूर्ण गेली नाही. ट्रायकॅल्शियम सिलिकेटवर आधारित ‘बायोडेंटिन’सारखी उत्पादने उत्पादकांच्या दाव्यानुसार साधारण १२ मिनिटांत घट्ट होतात. किंमत मात्र सगळ्यांचीच ग्रॅमवर मोजण्याइतकी चढी आहे. ‘मग पोतेच आणा की’ हा विनोद दंतवैद्यांत जुना आहे. पोत्यातल्या सिमेंटमध्ये शिसे, आर्सेनिकसारख्या अशुद्धी असू शकतात, ते निर्जंतुक नसते आणि एक्स-रेत पुरेसे दिसत नाही. विनोद तिथेच थांबतो.

‘चांदी’ भरणे बंद होत असल्याने काय बदलेल?

चांदी म्हणजे अॅमलगम हे सिमेंट नव्हे. ते पाऱ्यात कालवलेले चांदी, कथील आणि तांब्याचे मिश्रण. पण त्याची जागा कोण घेणार, या प्रश्नाचे अर्धे उत्तर सिमेंटच्या कपाटात आहे. पाऱ्यावरच्या मिनामाता करारात भारत २०१८ मध्ये सहभागी झाला. १५ वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी अॅमलगम वापरू नये, असे करारातल्या देशांनी २०२२ मध्ये ठरवले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही अपवाद वगळता त्यावर बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हातल्या बैठकीत २०३४ पर्यंत ते जगभरात थांबवण्यावर सहमती झाली.

ज्यांच्या दाढेत जुनी चांदी शाबूत आहे, त्यांनी ती घाईने काढून घेऊ नये. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते. नव्या भरणासाठी मात्र रेझिन कंपोझिट किंवा घट्ट ग्लास आयनोमर हेच पर्याय उरतील. कंपोझिटला वेळ, कोरडी जागा आणि प्रकाशयंत्र लागते. तालुक्याच्या रुग्णालयात दिवसाला पन्नास रुग्ण तपासणाऱ्या दंतवैद्याकडे या तिन्हींची वानवा असते. तिथे ग्लास आयनोमरचाच वापर वाढेल, असे दिसते.

कॅप निघाली तर काय करावे?

आधी कॅप सांभाळून ठेवावी. कागदात गुंडाळून ठेवली की ती कचऱ्यात जाण्याचीच शक्यता जास्त, म्हणून छोट्या डबीत ठेवावी. सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नये. ती गिळली गेली तर बहुतेक वेळा निघून जाते, श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतू शकते.

घरातल्या झटपट गोंदाने ती चिकटवणे हा सर्वांत वाईट उपाय. तो गोंद ओलाव्याच्या संपर्कात क्षणात घट्ट होतो. कॅप अर्धा मिलिमीटर जरी तिरकी बसली तरी ती तशीच राहते आणि पुढे दात न फोडता काढणे कठीण होते. हिरडीला भाजल्यासारखी जखम होते, ते वेगळेच. दात उघडा राहिल्याने झिणझिण्या येत असतील तर दुसऱ्या बाजूने चावावे, गोड आणि थंड टाळावे आणि दोन-चार दिवसांत दवाखाना गाठावा. घासलेल्या दाताशेजारचे दात फार दिवस रिकामी जागा तशीच ठेवत नाहीत. ते सरकले की जुनी कॅप बसत नाही.

दवाखान्यात कॅप आतून पाहिली जाते. सगळे सिमेंट कॅपमध्येच राहिले असेल आणि दात स्वच्छ दिसत असेल, तर दाताकडची पकड सुटली असा अर्थ होतो. लाळ लागली असेल किंवा भिंती वाटीसारख्या उतरत्या असतील. सिमेंट दातावर राहून कॅप कोरी निघाली, तर कॅपच्या आतला भाग नीट तयार केला नव्हता अशी शंका येते. या दोन्ही वेळा कॅप साफ करून, सिमेंट बदलून पुन्हा बसवता येते. पण कॅपच्या आत काळसर, मऊ दाताचा तुकडा अडकलेला दिसला, तर दोष सिमेंटचा नाही. कडेने कीड शिरली आहे आणि खाली किती दात उरला आहे, हे एक-रे काढून पाहिल्याशिवाय तीच कॅप पुन्हा बसवून घेऊ नये.